दीड सेकंद

स्क्रीनवर दोन अक्षरं उमटली, एल आणि आय, आणि त्यापुढे काहीच आलं नाही. चार यायची असतात. रोज ती इतक्या भराभर यायची की ती एकेक करून येतात हेसुद्धा माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. आज मशीन दुसऱ्या अक्षरापाशी थांबलं आणि थांबूनच राहिलं. पंगतीत कुणाला ठसका लागावा आणि बाकीच्यांनी घास हातात धरून त्याच्या तोंडाकडे बघत राहावं, तशी मी त्या काळ्या काचेकडे बघत राहिले. गिरिजा खांद्यावर होती. चार महिन्यांची पोर, मांडीत ट्रिपलचं तिसरं इंजेक्शन घेऊन आलेली, रडून रडून दमलेली. मधूनच एक हुंदका यायचा, त्याने तिचं सगळं अंग हलायचं, आणि माझी मान ओली व्हायची. दवाखान्यापासून घरापर्यंत डांबर चपलेला चिकटत होतं. जळगावचा मे महिना. खरं म्हणजे घरात पाऊल टाकलं तेव्हाच कळायला हवं होतं, कारण कूलर बंद होता आणि वाळ्याच्या ताट्या सुकून त्यांचा जुन्या पोत्यासारखा वास सुटला होता. पण मला वाटलं, लाईट गेली असेल. मग दाराशेजारचा मेन खाली ओढलेला दिसला. मी तो वर केला. कूलर घरघरला, फ्रिजने अंग झटकलं, आणि टेबलावरचं मशीन आपलं आपण जागं होऊन त्या दोन अक्षरांपर्यंत आलं.

सकाळी साडेनऊला मी ते चालू ठेवून गेले होते. हे धुळ्याला कॉलेजात शिकवतात, सोमवारी पहाटेच्या एस्टीने जातात, शनिवारी येतात. मागच्या शनिवारी येताना एका मासिकाबरोबर मिळालेली लिनक्सची सीडी घेऊन आले होते. नवी आवृत्ती. जुन्यावर नवं चढवायचं, दीड तास लागतो. "मी आलो की करू," असं म्हणाले होते. पण मला ते स्वतः करायचं होतं. जूनमध्ये माझी रजा संपणार, कॉलेजातल्या संगणकाच्या खोलीत मी पुन्हा उभी राहणार, आणि चार महिन्यांत माझ्या हाताला लंगोट धुण्याशिवाय काही येईनासं झालं आहे की काय, ही भीती मला कुणाला सांगता येत नव्हती. म्हणून मी सीडी घातली, तीन-चार प्रश्नांची उत्तरं दिली, पडद्यावर एक रेघ हळूहळू भरत जायला लागली, आणि ती पाव भरलेली बघून मी पोरीला उचलून दवाखान्यात गेले. सीडीबरोबरच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलं होतं, आधी आपल्या फायलींची प्रत काढा. ती ओळ मी वाचली होती. दोनदा वाचली होती.

जिन्यात पावलं वाजली. सासूबाई पाण्याचा तांब्या न्यायला खाली आल्या होत्या. वर धाब्यावर, गच्चीवर, त्यांचं आणि शेजारच्या कमलबाईंचं सकाळपासून कुरडयांचं चाललं होतं. कोपरापर्यंत हात गव्हाच्या चिकाने भरलेले, कपाळावर घाम.

"पोरले सुई दिधी का?" त्यांनी विचारलं.

"दिली. मेन तुम्ही बंद केला होता का?"

"मीच कया. तू दवाखानामा, मी धाबावर, घरमा कोनी नही. आन् ते डबडं एकलं घरघर करी ऱ्हायंतं. आग लागी जाती ते?" मग माझ्याकडे नीट बघून, "जळनं का काही?"

"नाही. जळलं नाही."

"मंग तोंड कसाले उतरेल शे तुनं?"

मी पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मागून कमलबाई जिन्यातूनच ओरडल्या, "शेवंताबाई, चीक घट्ट व्हायला लागला! सुनेला बोलू द्या तिच्या डबड्याशी. तुमची डबड्याशी तरी बोलते, माझी तर माझ्याशीही बोलत नाही."

"डबडं उलटं बोलत नही ना, माय," सासूबाई म्हणाल्या आणि तांब्या भरून वर गेल्या.

त्यांच्यावर रागवायचं तरी कसं. त्या सोनगीरच्या. त्यांच्या घरी कापूस वेचून आला की विकला जाईपर्यंत राहत्या घरातच भरायचा, बसायच्या खोलीत, आढ्यापर्यंत. माणसं ओटीवर झोपायची आणि आत कापूस झोपायचा. नव्याने लाईट आली त्या वर्षी शेजारच्या भागाबाईच्या घरात दिवसाढवळ्या वायरीतून ठिणगी पडली. घरातली सगळी माणसं शेतात होती. कापूस पेटला की आवाज होत नाही म्हणतात, नुसता भपका येतो. तेव्हापासून त्या भागात बाईने घराबाहेर पाऊल टाकताना आधी मेन ओढायचा आणि मग कडी लावायची, ही रीत पडली. कुंकू लावावं तितक्या सहज त्या मेन ओढतात. आमच्या दोन खोल्यांत कापसाचं एक बोंडही नाही हे त्यांना कळतं. त्यांच्या हाताला कळत नाही. आणि मला ही रीत ठाऊक होती. लग्न झाल्यापासून ठाऊक होती. मेनवर एक चिठ्ठी चिकटवून गेले असते तरी, पण त्यांना वाचता येत नाही. तोंडाने सांगून गेले असते तर. सांगायचं राहिलं, कारण पोर रडत होती, पिशवी सापडत नव्हती, लसीचं कार्ड सापडत नव्हतं. अशाच कारणांनी सगळं राहतं.

गिरिजाला झोळीत घातलं, झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधली, आणि टेबलापाशी बसले. हे मला चांगलं जमतं आता, पायाने पोर आणि हाताने काम. ड्रॉवरमधून अडीअडचणीची फ्लॉपी काढली. ती चार अक्षरं लिहिणारा लोडर गेला तर तो काही जीव जाण्यासारखा प्रकार नाही. लोडर म्हणजे नुसता दारातला माणूस, तो आत वर्दी देतो आणि बाजूला होतो. तो नसेल तर दुसऱ्या दाराने जावं. फ्लॉपी कुरकुरत फिरली, मशीन उठलं, आणि खाली एक पांढरी चौकट उघडझाप करत उभी राहिली. मी डिस्क जोडायचा हुकूम दिला. ज्याला माउंट म्हणतात ते. डिस्क आत आहे, फिरते आहे, तिचा बारीक शिट्टीसारखा आवाज कानाला येतो आहे, पण माउंट झाल्याशिवाय तिच्यातलं एक अक्षर हाताला लागत नाही. उत्तर आलं: सुपरब्लॉक खराब. सुपरब्लॉक म्हणजे डिस्कच्या अगदी सुरुवातीला ठेवलेला तिचा स्वतःचा परिचय, मी केवढी, माझ्यात काय कुठून सुरू होतं. मी पुन्हा तोच हुकूम दिला, जणू तिने पहिल्यांदा नीट ऐकलं नसेल. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा देताना पायाचा अंगठा इतक्या जोरात हलत होता की झोळी भिंतीला लागली.

त्या डिस्कवर माझ्या कामाचं काही नव्हतं. प्रॅक्टिकलची पत्रकं होती, ती कॉलेजातही आहेत. यांची प्रश्नपत्रिका, दोन-चार पत्रं. आणि एक फाईल, तिचं नाव टेस्ट. दोन लाख आठ हजार बाइट. हा आकडा मला माझ्या जन्मतारखेसारखा पाठ आहे. सव्वीस सेकंद.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात माझी पहिली मुलगी झाली. माझी आई नाही, म्हणून चाळीसगावला माहेरी जाण्याचा प्रश्न नव्हता. सासूबाईच सोनगीरहून आल्या. मशीन तेव्हा नवंच होतं, पुण्याहून यांनी सुटे भाग आणून स्वतः जोडलेलं. त्यात आवाजाचं कार्ड बसवलं होतं आणि ते चालत नव्हतं. चार दिवस हे त्याच्याशी झगडत होते, आणि पाचवीच्या दिवशी दुपारी ते अचानक चाललं. पाचवीची पूजा संध्याकाळी होती. पाट मांडून ठेवला होता, त्यावर कोरा कागद आणि पेन, सटवाई येऊन पोरीच्या कपाळीचं लिहिणार म्हणून. कागद माझ्याच वहीतला होता, रेघा मारलेला, आणि सासूबाई म्हणाल्या होत्या, रेघांचा कसाले, कोरा दे. पण घरात कोरा नव्हता. त्या खाली बसून पोरीला तेल लावत होत्या, दोन्ही पाय पुढे पसरून, पोर पोटऱ्यांवर. हे माइक घेऊन जवळ वाकले. "त्या डबडाले काय ऐकाडस?" त्या म्हणाल्या. हे हसले. मी खाटेवर पडून बघत होते, कानाला फडकं बांधलेलं, पोटात अजून दुखत होतं, आणि मला तेव्हा वाटलं होतं, हे सगळं मी नंतर सावकाश आठवीन. त्यांनी पोरीला पालथी केली. पालथी केली की ती रोज रडायची, न चुकता. रडली. सव्वीस सेकंदांनी यांनी बंद केलं आणि फायलीला घाईघाईत नाव दिलं, टेस्ट. नुसतं कार्ड चालतं का ते बघायचं होतं.

सातव्या दिवशी तिने दूध ओढायचं सोडलं. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली, तिच्या घोट्याला चिकटपट्टीवर चौदा आकडा. पाटीवर माझं नाव आणि पुढे, बाळ. नवव्या दिवशी दुपारी संपलं. बाराव्याला बारसं होतं. पाळण्याचा दोर आणलेला, पेढ्यांचं सांगितलेलं. नाव मी मनात ठरवलं होतं की नव्हतं हे मला आज खरोखर सांगता येत नाही. तीन-चार नावं होती, त्यांतलं एकही तिच्या अंगाला लागलं नव्हतं. दवाखान्याच्या कागदावर नावाच्या जागी त्यांनी आडवी रेघ मारली. हे आणि यांचे काका, शालिग्रामनाना, दोघं तिला घेऊन गेले. बायका जात नाहीत. आईने तर जायचंच नसतं. सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि मिठाची बरणी घेऊन बाहेर आल्या, अख्खी बरणी, आणि नानांच्या पिशवीत उलटी केली. मिठाचा तो आवाज. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मग त्यांनी घर आवरलं: तेलाची वाटी, काजळाची डबी, कुंची, दुपटी, पाळण्याचा दोर, पाटावरचा तो रेघांचा कागद. नाव न ठेवलेल्या पोराचं घरात काही ठेवायचं नसतं, पुढच्या पोराला ते बाधतं. संध्याकाळी त्या घरात एक पोर नऊ दिवस होती असं कुणालाही वाटलं नसतं. त्यांनी पुन्हा कधी तिचा विषय काढला नाही, आणि मी त्यांना मनात एक शब्द कायमचा देऊन टाकला, दगड. यांनीही विषय काढला नाही. कुठल्या झाडाखाली, नदीच्या कुठल्या अंगाला, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्यांना ठाऊक आहे. मला नाही.

गिरिजा झाली तेव्हा तासाभरात, टाके घालायच्या टेबलावरच, मी तिच्या कानात तिचं नाव सांगितलं. बारसं नंतर झालं, आत्याने पाळण्यात वाकून हेच नाव ठेवलं, सगळ्यांना वाटलं ते त्या दिवसापासूनचं. पण ती फाईल. ती मला पहिली गेल्यावर महिन्याभराने सापडली होती, दुसरंच काही शोधताना. ती घर आवरताना सुटून गेली होती, कारण तिथे काही आहे हे आवरणाऱ्या हातांना ठाऊकच नव्हतं. दुपारी सासूबाई जरा आडव्या होतात तेव्हा मी कानाला हेडफोन लावून ती ऐकते. रोज नाही. कधी कधी आठ दिवस जातात. एकदा मी फायलीच्या तारखा बघत होते. मशीन प्रत्येक फाईल शेवटची कधी वाचली गेली तेही लिहून ठेवतं. टेस्टपुढे शनिवारची संध्याकाळ होती, सव्वासहा. त्या वेळी मी भाजी आणायला गेले होते. मी खूप वेळ त्या वेळेकडे बघत बसले. पुढच्या शनिवारी मुद्दाम जास्त वेळ भाजी आणली. तेव्हापासून हे असंच चालू आहे, मी मधल्या वारी, ते शनिवारी, आणि माझी वेळ त्यांनाही दिसत असणार. आम्ही बोललो नाही. बोलायची गरज त्या तारखांनी ठेवली नव्हती. एका फ्लॉपीवर ती सहज मावली असती, सात वेळा मावली असती. पण फ्लॉपीवर लेबल चिकटवावं लागतं आणि लेबलवर काही लिहावं लागतं. मी दोनदा कोरी फ्लॉपी हातात घेतली आणि परत डब्यात टाकली.

फोन कमलबाईंकडे आहे. गिरिजाला काखेत घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांची सून रिसीव्हर माझ्या हातात देऊन मुकाट्याने आत गेली. कॉलेजच्या ऑफिसात यांना बोलवायला कुणी गेलं. आले तेव्हा त्यांच्यामागे माणसांचे आवाज होते, टाइपरायटर चालू होता.

"काय झालं? गिरिजा?"

"गिरिजा बरी आहे. मशीन उठत नाही. एल आयवर थांबतं."

"लोडर. फ्लॉपीवरून घे."

"घेतलं. माउंट होत नाही. सुपरब्लॉक खराब म्हणतंय. मी नवं चढवायला लावलं होतं."

टाइपरायटर थोडा वेळ एकटाच वाजत राहिला. "मेन?"

"हो."

"आईला काही बोललीस?"

"नाही."

"नको बोलूस." मग त्यांनी घसा साफ केला. "आठ हजार एकशे त्र्याण्णव. लिहून घे. सुपरब्लॉकची दुसरी प्रत तिथे असते, ती वापरून तपासणी लाव. नाहीतर, नाहीतर सरळ फॉरमॅट करून नवीनच टाकता येईल म्हणा. तुझ्या कामाचं काय आहे त्यात?"

"काही नाही."

"माझंही तसं काही नाही."

"हं."

गिरिजाने रिसीव्हरची वळलेली वायर मुठीत धरली होती. मी ती सोडवली नाही.

"फॉरमॅट करू नकोस," ते म्हणाले.

"नाही करत."

"आणि ऐक. सगळ्या प्रश्नांना एकदम हो म्हणायची सोय असते, ती वापरू नकोस. एकेक प्रश्न वाच. वाचून मग हो म्हण." मागून कुणीतरी त्यांना सर म्हणून हाक मारली. फोन ठेवायच्या आधी त्यांनी अजून काहीतरी म्हटलं, ते मला ऐकू आलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही.

आठ हजार एकशे त्र्याण्णव. आकडा घातला आणि डिस्कने ऐकलं. स्वतःची ओळख तिने दुसऱ्या खिशात जपून ठेवली होती. मला एकदम रडू फुटेल असं वाटलं, पण तपासणी सुरू झाली आणि प्रश्न यायला लागले. हे काम मला वर्गात शिकवता येतं. फळ्यावर चौकोन काढून मी शंभरदा शिकवलं आहे. प्रत्येक फायलीचा एक दाखला असतो. दाखल्याला नुसता नंबर असतो, नाव नसतं. नावं वेगळ्या यादीत असतात, कुठलं नाव कुठल्या नंबरचं. दाखल्यात फाईल केवढी ते असतं, तारखा असतात, आणि डिस्कवर ती कुठे कुठे ठेवली आहे त्या जागांचे आकडे. पहिल्या बारा जागा, प्रत्येकी एक हजार चोवीस बाइटच्या, दाखल्यातच लिहिलेल्या. त्याहून मोठी फाईल असेल तर बाकीच्या जागांसाठी वेगळा एक कागद जोडलेला. तो कागद फाटला तर फाईल डिस्कवरून जात नाही, तिचे तुकडे जिथल्या तिथेच असतात, पण कुठे ते सांगणारं कुणी राहत नाही. वर्गात इथे एखादा तरी विचारतो, मॅडम, मग शोधायचं कसं? मी म्हणते, नाही शोधायचं, म्हणून प्रत काढून ठेवायची. पोरं हसतात.

नावांची यादी गेली होती. एकेक दाखला यायचा, हा नंबर कुणाचाच नाही, याला बेवारशांच्या फोल्डरमध्ये ठेवू का? हो. पुढचा. हो. त्या फोल्डरला लॉस्ट अँड फाउंड म्हणतात, यात्रेतल्या हरवलेल्या पोरांच्या तंबूसारखं. तिथे सगळ्यांना फक्त नंबर मिळतो. मी प्रत्येक प्रश्न वाचत होते. हो म्हणायला वायचं बटण, नाही म्हणायला एनचं. गिरिजा भुकेने उठली. तिला डाव्या हातावर घेऊन पदराखाली लावलं, आणि उजव्या हाताने वाय, वाय, वाय. ती ओढत होती, अंगातून दूध खेचलं जाताना पाठीत एक कळ येते ती येत होती, कूलरचं पाणी संपून त्याचा पंप कोरडा खरखरत होता. ऐंशी-नव्वद प्रश्न झाले असतील. बोट आपोआप पडायला लागलं होतं. आणि पुढच्या प्रश्नावर ते हवेतच थांबलं, ते का थांबलं हे मला नंतर कळलं. डोळ्यांनी आकडा माझ्या आधी वाचला होता.

दाखला क्रमांक चार हजार एकशे सतरा. जोडलेला कागद वाचता येत नाही. आकार दोन लाख आठ हजार लिहिला आहे, बारा हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी हवा. दुरुस्त करू?

दुरुस्त. पहिल्या बारा जागा ठेवून बाकीच्या सोडून देण्याला मशीन हा शब्द वापरतं; मी त्याच्याकडे बघत राहिले. इतके दिवस मी तिला नावाने ओळखत नव्हते आणि आकाराने ओळखत होते, म्हणूनच ती आत्ता गर्दीत सापडली. आमच्या दोघांशिवाय दुसऱ्या कुणी या प्रश्नापाशी थांबून क्षणभरही विचार केला नसता. मी एन दाबलं. नाही. मशीनने काही वाद घातला नाही, ते पुढे गेलं, आणखी पाच-सात विचारलं आणि शेवटी सांगितलं की डिस्कमध्ये अजून दोष आहेत. मी पुन्हा सुरुवातीपासून तपासणी लावली. ते थेट त्याच प्रश्नापाशी येऊन उभं राहिलं. चार हजार एकशे सतरा. दुरुस्त करू? मी नाही म्हटलं काय आणि हो म्हटलं काय, तो कागद परत येणार नव्हता. त्याच्यावर सकाळच्या नव्या आवृत्तीतलं काहीतरी लिहिलं गेलं होतं, मीच लिहायला लावलेलं, आणि ते लिहिणं अर्ध्यात तुटलं होतं. उरलेले साडेचोवीस सेकंद त्या डिस्कवर अजून आहेत हे मला ठाऊक होतं. आत्ता, या शिट्टीसारख्या आवाजात ते गोल गोल फिरत आहेत. दोन लाख जागा, त्यांतल्या एकशे ब्याण्णव तिच्या. कुठल्या ते सांगता येत नाही. आणि आवाज नुसता डोळ्यांनी बघितला तर इतर कशाहून वेगळा दिसत नाही. गिरिजा दूध पिता पिता झोपली होती, तोंड उघडं, ओठांवर दुधाची कड. मी तिच्याकडे बघितलं आणि मला त्या दुपारचे नाना आठवले, पिशवी खांद्याला लावून दारात उभे. यांनी माझ्याकडे बघितलं होतं, विचारल्यासारखं, नेऊ ना? आणि मी मान हलवली होती. हलवावीच लागते. कुणीतरी विचारावं आणि आईने हो म्हणावं, त्याशिवाय उचलत नाहीत.

मी वाय दाबलं.

त्यानंतर सगळं सरळ झालं. डिस्क माउंट झाली, एका हुकमात, मुकाट्याने. फ्लॉपीवरून उठवून मूळ डिस्कवर गेले. आवाजाचं कार्ड उरलेल्या जुन्या आवृत्तीच्या ओळखीचं होतं, ते चाललं. बेवारशांच्या फोल्डरमध्ये नंबरांची रांग लागली होती, आणि त्यात चार हजार एकशे सतरा, बारा हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी बाइट. सेकंदाला आठ हजार जातात. दीड सेकंद. मला आता हेडफोन शोधावासा वाटला नाही. स्पीकरची वायर जोडली आणि फाईल आवाजाच्या कार्डात ओतली.

बांगडी वाजली. मग सासूबाईंचा आवाज, "हां वं", त्यातलं वं अर्धवट. आणि मग एक बारीक श्वास, आत घेतलेला, दातच नसलेल्या तोंडाने घेतलेला, थरथरत वर चढत गेलेला. आणि बंद.

सव्वीस सेकंद मी दोन वर्षं ऐकलं होतं, आणि हा श्वास मला कधी ऐकू आला नव्हता. रडण्याची घाई असायची मला. मी पुन्हा लावलं. बांगडी, हां वं, श्वास. पुन्हा. प्रत्येक वेळी तो तिथेच पोचायचा, अगदी वर, जिथून आता दुसरं काहीच होऊ शकत नाही, आणि तिथेच सुटायचा. चौथ्यांदा, पाचव्यांदा. माझी छाती त्याच्याबरोबर वर चढून थांबायला लागली होती. मागे दार आहे, ते उघडं आहे, वरच्या कुरडया संपून कमलबाई मघाशीच जिना उतरून गेल्या आहेत, हे काही माझ्या लक्षात नव्हतं.

वळले तेव्हा सासूबाई उंबऱ्यात खाली बसलेल्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. दोन्ही पाय पुढे पसरलेले, हात कोपरापर्यंत वाळलेल्या चिकाने पांढरे आणि तडकलेले. माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्या स्पीकरकडे बघत होत्या. मी काहीतरी बोलणार होते, मेनबद्दल, की आणखी कशाबद्दल, मला आठवत नाही. माझा हात आधीच बटणावर होता आणि तो पडला. बांगडी वाजली. त्यांचाच आवाज, दोन वर्षांपूर्वीचा, हां वं. आणि पोटऱ्यांवर उताणे पडलेले त्यांचे ते दोन्ही पांढरे हात उचलले गेले, काहीतरी अलगद धरलं, आणि पालथं केलं.

श्वास वर चढला.

"आते रडी," त्या म्हणाल्या.

मी हात लांबवून कूलर बंद केला, आणि आम्ही दोघी वाट बघत थांबलो.